ओपनिंगला कोण?

दिवाळी उलटली, भात कापून झोडून झालं की पाली-सुधागडच्या पट्ट्यात दोन कामं एकदमच सुरू होतात. ज्या शेतात ओल टिकून आहे तिथे वाल पेरला जातो. आणि जे शेत गावाजवळ आहे, जरा सपाट आहे, मालकही जरा मनमिळाऊ आहे, तिथे बांध काढून, पाणी मारून, धुमसाने चोपून पीच तयार होतं. मग बल्लाळेश्वराचा माघी उत्सव येतो, पोपटीच्या रात्री होतात, उन्हं तापतात, आणि पावसाची चाहूल लागेपर्यंत शनिवार-रविवार रिकामा म्हणून जात नाही. पालीत मॅच, परळीत मॅच, जांभूळपाड्यात मॅच, नागोठण्याकडे नाईट मॅच. कुठे चार ओव्हरची, कुठे सहा, फायनल फार तर आठ.

हे लिहितोय ते संघाच्या कप्तानासाठी, मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी आणि मांडवात खुर्ची टाकून बसलेल्या त्या चार काकांसाठी, ज्यांच्या तोंडाकडे बघून कप्तान बॅटिंगचा क्रम ठरवतो. विनंती एकच आहे. क्रम मानपानावर लावू नका, चेंडू मोजून लावा.

आज क्रम कसा लागतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. बॅट ज्याची तो ओपनर. एन्ट्री फी ज्याने भरली तो वन डाऊन. मुंबईहून कोणी रात्रीचा प्रवास करून आलाय, त्याला खाली कसा पाठवणार? त्याच्यानंतर कप्तान. कप्तानाचा भाऊ. राहिलेले सगळे 'बघू पुढे'. आणि या 'बघू पुढे'मध्ये बऱ्याचदा संघातला सगळ्यात उपयोगी पोरगा बसलेला असतो. त्याचा नंबर येतो तेव्हा दोन चेंडू उरलेले असतात आणि तेरा धावा हव्या असतात.

टेनिस बॉलच्या मॅचमध्ये विकेट महाग नसते, चेंडू महाग असतो. चार ओव्हर म्हणजे २४ चेंडू, सहा म्हणजे ३६. माणसं मात्र अकरा. कसोटीत दहा विकेट जपून वापराव्या लागतात, कारण चेंडूंना तोटा नसतो. आपल्याकडे उलटं आहे. २४ चेंडूंत संघ क्वचित ऑल आऊट होतो, पण चेंडू हमखास संपतात. म्हणून कप्तानाने स्वतःला विचारायचा प्रश्न 'मोठा बॅट्समन कोण?' हा नाही. प्रश्न हा, की हे २४ चेंडू कोणाकोणाच्या वाट्याला जायला हवेत.

एक डाव जवळून बघा. सहा ओव्हरमध्ये ५४ करायचे आहेत, म्हणजे ओव्हरला नऊ. दोन्ही ओपनर मारणारे. पहिल्या ओव्हरमध्ये पहिला सिक्सर, मग दोनदा बॅट नुसती हवेत, चौथ्यावर पुन्हा सिक्सर, मग दोन हवेत. बारा झाले. ढोल वाजला, कॉमेंट्रीवाल्याने माईक तोंडात घातला. दुसऱ्या ओव्हरला दुसऱ्याने पहिल्याच चेंडूवर एकेरी घेतली आणि आपला सिक्सरवाला पुन्हा समोर आला. हवेत, हवेत, मग मिडविकेटला झेल. नवा आला, तोही त्याच जातीचा. हवेत, हवेत. आता बोर्डावर १२ चेंडूंत १३, आणि उरलेल्या २४ चेंडूंत ४१ हवेत. ओव्हरला नऊचं काम दहाच्या वर गेलं. पण मांडवात कोणाला विचारा, सगळे सांगतील, 'सुरुवात काय जबरदस्त केली त्याने!' त्याने नऊ चेंडू खाल्ले, बारा केले आणि सात चेंडू मातीत घातले. त्या सातांतल्या चार चेंडूंवर नुसती बॅट लावून पळाला असता तरी चार धावा वाढल्या असत्या आणि समोरच्यालाही हात मोकळे करायला मिळाले असते.

दोष त्या पोराचा नाही. त्याला आपण मारायलाच पाठवलं होतं. दोष दोन मारणारे एकत्र पाठवण्यात आहे. एक मारणारा आणि एक फिरवणारा ही जोडी असली की मारणाऱ्याचा वाईट चेंडूही फुकट जात नाही, कारण त्याची ओव्हर अडकली तर दुसरा एकेरी काढून तिला धक्का देतो. प्रत्येक गावात असा फिरवणारा असतो. बारीक अंगाचा, पळायला चपळ, बॅट फार उंच न उचलणारा. त्याच्या डावात एकही सिक्सर नसतो, म्हणून बक्षीस समारंभात त्याचं नाव निघत नाही, आणि नाव निघत नाही म्हणून त्याला नववा पाठवतात. त्याला वर आणा. ओपनिंगला आणा, नाहीतर वन डाऊन आणा, पण मारणाऱ्याच्या जोडीला ठेवा. दोन फिरवणारे मात्र एकत्र नकोत. सहा ओव्हर नुसत्या एकेरी-दुहेरीत घालवून पस्तीस केले तर प्रतिस्पर्धी तुमचे आभारच मानतील.

आता दुसरी खोड. हुकमी एक्का शेवटी ठेवायचा. 'त्याला राखून ठेव, लास्टच्या दोन ओव्हरला काढू.' ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण २४ चेंडूंच्या डावात पाचव्या नंबरला उतरणाऱ्याला किती चेंडू मिळतात ते मागच्या चार मॅचचे स्कोअर काढून बघा. पाच, चार, कधी तीन. संघातला सगळ्यात चांगला बॅट्समन तुम्ही पाच चेंडूंसाठी राखून ठेवता आणि पंधरा चेंडू भलत्याला देता.

यावर मला बेसबॉलचं उदाहरण द्यावंसं वाटतं. त्या खेळाचा मला नाद आहे, घरचे हसतात, हसोत. आपल्याकडे सकाळी चहा होतो तेव्हा अमेरिकेतल्या रात्रीच्या मॅच चालू असतात, फोनवर बघता येतात. त्या खेळात नऊ जणांचा क्रम मॅचआधी कागदावर लिहून द्यावा लागतो आणि मग त्याच क्रमाने, फिरून फिरून, सगळ्यांनी यायचं. मध्येच 'तू थांब, तू जा' असं चालत नाही. बदली खेळाडू आला तरी तो ज्याच्या जागी आला त्याच्याच नंबरला येतो. त्यामुळे क्रम कसा लावावा यावर तिकडे शंभर वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहेत. जुनी पद्धत अशी की पहिला चपळ, कसाही करून पहिल्या बेसवर पोहोचणारा. चौथा दणकट, पुढे पोहोचलेल्यांना घरी आणणारा. पुढे लोक हिशोब मांडायला लागले आणि एक साधी गोष्ट लक्षात आली. क्रमात एकेक जागा खाली सरकलं की १६२ सामन्यांच्या मोसमात सुमारे १५ ते २० वेळा बॅटिंग कमी मिळते. मग सगळ्यात चांगला माणूस चौथा कशाला? २०२४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सचा शोहेई ओहतानी मोसमाच्या सुरुवातीला दुसऱ्या नंबरला खेळत होता. जूनमध्ये पहिल्या नंबरच्या मुकी बेट्सच्या हाताचं हाड मोडलं आणि ओहतानी पहिल्या नंबरला आला. त्या वर्षी त्याने ५४ होमरन मारले. एवढा मोठा हिटर पहिला पाठवायचा, जुन्या लोकांना हे रुचलं नसतं. पण त्याला बॅटिंग जास्त वेळा मिळाली, एवढंच त्याचं साधं कारण.

आपल्याकडची गोष्ट तर याहून जुनी आहे. २७ मार्च १९९४, ऑकलंड. ओपनर सिद्धूची मान आखडली आणि सचिन तेंडुलकरने एकदिवसीय सामन्यात ओपनिंग मागून घेतली. ४९ चेंडूंत ८२. तोपर्यंत तो खाली खेळत होता, म्हणजे तोपर्यंत चांगले चेंडू दुसऱ्यांच्या वाट्याला जात होते. आणि हाच सचिन २००७ च्या वर्ल्डकपला पुन्हा मधल्या फळीत गेला. त्या स्पर्धेत आपण बांगलादेशकडून हरलो, श्रीलंकेकडून हरलो आणि पहिल्याच फेरीत घरी आलो. ते काही केवळ क्रमामुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण ज्याचा हात जिथे बसलाय तिथून त्याला उठवायला कारण तसंच भक्कम असावं लागतं.

कारण भक्कम असेल तर मात्र उठवा. रोहित शर्मा कितीतरी वर्षं मधल्या फळीत आत-बाहेर करत होता. जानेवारी २०१३ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध त्याला वर पाठवलं, त्याने ८३ केले आणि त्यानंतर त्याची जागा कोणी मागितली नाही. पुढच्याच वर्षी ईडन गार्डनवर २६४. तुमच्या संघातही असा एखादा असतो, जो सहाव्या नंबरला वर्षानुवर्षं 'चांगला आहे, पण चमकत नाही' म्हणून बसून असतो. त्याला एकदा ओपनिंगला पाठवून बघा. फक्त तो प्रयोग गावातल्या सरावाच्या मॅचमध्ये करा, सेमीफायनलला नको.

आता डावखुऱ्याबद्दल. हा भाग जरा बारकाईने वाचा, कारण आपल्या शेतातल्या ग्राउंडवर याच्याइतकं फुकटचं भांडवल दुसरं नाही. आपलं ग्राउंड कधी गोल नसतं. एका बाजूला रस्ता, म्हणून बाऊंड्री पंचेचाळीस पावलांवर. दुसऱ्या बाजूला सत्तर पावलं आणि पुढे वाल. वालात चेंडू गेला की दोनच धावा, आणि शिवाय शेतमालकाच्या शिव्या. समजा रस्ता पूर्वेला आहे. उत्तरेच्या टोकाला उजवा बॅट्समन उभा राहिला तर त्याची लेग साईड रस्त्याकडे येते. त्याने नुसती बॅट फिरवली तरी चेंडू रस्त्यावर. ओव्हर बदलली, तो दक्षिणेच्या टोकाला आला की लेग साईड वालाकडे गेली. त्याच टोकाला डावखुरा असेल तर त्याची लेग पुन्हा रस्त्याकडे. म्हणजे क्रीजवर एक उजवा, एक डावा असेल तर दर ओव्हरला दोघांपैकी एकाच्या हाताखाली छोटी बाऊंड्री असतेच. कोणती ओव्हर कोणाची, हे दोघांनी खेळपट्टीच्या मध्ये भेटून ठरवायचं. ही तुझी, मी एकेरी घेऊन तुला देतो. पुढची माझी.

बऱ्याच स्पर्धांत वेळ वाचवायला सगळी बॉलिंग एकाच टोकाने होते. तिथे तर हिशोब आणखी सोपा. छोटी बाजू अख्खी मॅच एकाच हाताची. ती उजव्याच्या लेगला असेल तर उजवे मारणारे वर घ्या. ती डाव्याच्या लेगला असेल तर तुमच्याकडचा तो एकुलता एक डावखुरा, ज्याला तुम्ही बॉलर म्हणून दहावा ठेवलाय, त्याला दुसरा पाठवून बघा. टॉसला जाण्याआधी कप्तानाने ग्राउंडला एक फेरी मारली तरी हे कळतं. पण टॉसआधी कप्तान शक्यतो वडापावच्या स्टॉलवर असतो.

डाव्या-उजव्याचा आणखी एक फायदा आहे. बॉलरची लाईन दर एकेरीला बदलते, फिल्डर धावत इकडून तिकडे जातात आणि चिडून एखादा वाईड पडतो. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर २७५ चा पाठलाग करताना कोहली तिसरा बाद झाला. पुढे फॉर्मात असलेला युवराज येणार हे सगळ्यांनी धरलं होतं. आला धोनी. क्रीजवर गंभीर होता, डावखुरा. समोर श्रीलंकेचे ऑफस्पिनर. दोन डावखुरे एकत्र आले असते तर त्यांचं काम सोपं झालं असतं. शिवाय मुरलीधरनला धोनीने चेन्नईच्या नेटमध्ये भरपूर खेळून ठेवलेलं होतं. गंभीर ९७, धोनी नाबाद ९१. त्या डावातला शेवटचा सिक्सर सगळ्यांना पाठ आहे. मला विचाराल तर क्रम मोडून पायऱ्या उतरणं हे त्याचं मोठं काम होतं, सिक्सर नंतरचा.

इथे आपल्याला एक मुभा आहे, जी बेसबॉलवाल्यांना नाही. क्रिकेटमध्ये क्रम मध्येच बदलता येतो. मग कागदावर लिहिलेला क्रम देवाच्या पाटीसारखा का पाळायचा? पाच नावं नक्की ठेवा, पुढची तीन परिस्थितीवर सोडा. समोरून चकी, म्हणजे हात झटकून फेकणारा, बॉलर जोरात चेंडू आणतोय, तर चेंडूचा वेग वापरून मागे-बाजूला खेळणारा पाठवा. हळू टाकणारा आला, तर ज्याच्या दंडात जोर आहे तो. नाईट मॅचला दव पडलं की टेनिसचा चेंडू भिजून जड होतो, सरपटतो. तेव्हा उंच उचलून मारणाऱ्यापेक्षा सरळ बॅटने ढकलणारा बरा. सकाळच्या पहिल्या मॅचला पीच ओलसर असतं, तिथेही तोच.

टीव्हीवर बघून क्रम लावू नका. २० ओव्हरच्या सामन्यात १२० चेंडू असतात, तिथे मधल्या फळीला श्वास घ्यायला जागा आहे. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची आयएसपीएल सुरू झाली, तीही दहा ओव्हरची, म्हणजे ६० चेंडूंची. तुमच्या चार ओव्हरच्या मॅचला त्यांचा क्रम लावणं म्हणजे चौघांच्या भाताला चाळीस माणसांचं मीठ.

आणि शेपटाकडे दुर्लक्ष करू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये रणजीच्या उपांत्यपूर्व फेरीत मुंबईचे दहावा आणि अकरावा, तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे, या दोघांनी बडोद्याविरुद्ध शतकं ठोकली. कोटियन नाबाद १२०, देशपांडे १२३, शेवटच्या विकेटला २३२. दहाव्या-अकराव्याने एकाच डावात शतकं करण्याचा प्रकार त्याआधी एकदाच झाला होता, १९४६ मध्ये ओव्हलवर सरेविरुद्ध. तेव्हा आपले चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी होते, भागीदारी २४९. तुमच्या दहाव्याने शतक करावं असं कोणी म्हणत नाही. पण त्याने शेवटच्या ओव्हरला एकेरी घेऊन सेट बॅट्समनला स्ट्राईक द्यावा, एवढं तरी त्याला शिकवलं आहे का? १९८३ ला टनब्रिज वेल्सवर कपिलच्या १७५ ची गोष्ट आपण नातवंडांना सांगतो. समोर दहाव्या नंबरचा किरमाणी नाबाद २४ करून उभा राहिला आणि नवव्या विकेटला १२६ न तुटता झाल्या, हे सांगत नाही. सरावाच्या वेळी आधी बॉलर पोरांना बॅटिंग द्या. शेवटी दिली तर अंधार पडतो आणि त्यांच्या हातात बॅटऐवजी स्टंप गोळा करायचं काम येतं.

आता सगळ्यात अवघड भाग, म्हणजे मानपान. मुंबईकरांबद्दल माझ्या मनात अढी नाही. गावाचा संघ उभा राहतो तो पुष्कळदा त्यांच्याच वर्गणीवर. ड्रेस त्यांनी शिवून पाठवले, बॅट त्यांनी आणल्या. पण शनिवारी रात्री वाकण फाट्याला उतरलेला माणूस, ज्याने दोन महिन्यांत बॅट धरलेली नाही, तो रविवारी सकाळी आठला ओपनिंगला जाऊन काय करणार? त्याला मान द्यायच्या जागा पुष्कळ आहेत. पीचवरचा नारळ त्याच्या हातून फोडा. टॉसला त्याला पाठवा. बक्षीस त्याच्या हस्ते द्या. ओपनिंग ही मान देण्याची जागा नाही, तिथे चेंडू खर्च होतात.

आणि खाली पाठवताना त्याला तोंडावर सांगा, मॅचच्या आदल्या रात्री. सकाळी नावं वाचताना कळलं की माणूस दुखावतो आणि दुखावलेला माणूस फिल्डिंगला पाय ओढतो. सांगताना कारण द्या. 'दादा, त्यांचा डावरा बॉलर दुसरी-तिसरी टाकतो, तू त्याला चांगला खेळतोस, म्हणून तुला चौथा ठेवलाय. पहिल्या दोन ओव्हर बघून घे.' हे खोटं असता कामा नये. खोटं असलं तर त्याला कळतं, तोही याच गावचा आहे. त्याच्याजोगं काही काम खरोखर शोधा, मगच सांगा. वयाने मोठ्या खेळाडूशी बोलायला कप्तान लहान पडत असेल तर मांडवातल्या चार काकांपैकी एकाने ही जबाबदारी घ्यावी. तेवढं त्या खुर्चीचं भाडं समजा.

उद्यापासून करता येईल असं एक काम सांगतो. स्कोअरला बसणाऱ्या पोराला धावांबरोबर प्रत्येकाचे फुकट गेलेले चेंडूही लिहायला सांगा. बॅट हवेत गेली, चेंडू खाली राहिला, तिथे एक टिंब. चार-पाच मॅच झाल्या की वही उघडून बघा. सिक्सर कोणाचे जास्त हे सगळ्यांना माहीतच असतं, टिंबं कोणाची जास्त हे बघा. कोण डाव्या बॉलरला अडकतो, कोण पहिल्या तीन चेंडूंत बाद होतो, कोणाच्या जोडीला धावा भराभर होतात, सगळं त्यात दिसेल. आणि ती वही मंडळाच्या कपाटात ठेवा, कप्तानाच्या घरी नको. पुढच्या वर्षी कप्तान बदलला की तो वहीसकट रुसून बसतो.